मुनाफ, तुझं चुकीचं पान मी भर सभेत वाचलं

“माइक सोडा! मधुकरराव, आधी माइक सोडा! ही शोकसभा आहे, तमाशाचा फड नाही!”

प्राचार्य असे ओरडत होते आणि माझ्या कोटाची शेपटी धरून मला मागं ओढत होते. हो, कोट. तुझ्यासाठी मी लग्नातला कोट काढला, मुनाफ. त्यात मी मावेना, म्हणून अर्धा श्वास घरीच ठेवून आलो होतो. माइक मात्र असा धरला होता की सोडवायचा तर मलकापूर स्टेशनातून इंजिन मागवावं लागलं असतं. समोर पाच हजार माणसं. तू असतास तर तिसऱ्या रांगेतून बोट वर केलं असतंस, “भागिले धा, मध्या.” बरं, पाचशे. पण त्या पाचशांनी नंतर जो आवाज काढला तो पाच हजारांचा होता, आणि त्याला भागायला तू नव्हतास. तेवढा आकडा मी आख्खाच ठेवणार आहे.

पहिल्या रांगेत वसंतराव बसले होते, मांडीवर स्वतःचं गाइड घेऊन. नुकतेच भाषण करून खाली उतरलेले. डोळे पुसायला काढलेला रुमाल इतका कोरडा की इस्त्रीची घडीही मोडली नव्हती. आणि बोलले काय? तर प्रा. मुनाफ यांच्या जाण्यानं विषयाची फार हानी झाली. त्यांच्या स्मरणार्थ आपण गाइडची नवी आवृत्ती काढणार, पहिल्या पानावर त्यांचा रंगीत फोटो टाकणार. तरी कुटुंबीयांनी त्यांच्या हस्तलिखित नोट्सच्या मूळ प्रती आपल्याकडं सोपवाव्यात आणि एका साध्या कागदावर सही द्यावी, म्हणजे पुढं कोणी त्यांचा गैरवापर करणार नाही.

गैरवापर! हा शब्द त्यांच्या तोंडून निघाला आणि सभागृहाच्या पत्र्यावरची झाडून सारी कबुतरं उडाली. मी खुर्चीतून उठलो तो मधल्या माणसांच्या मांड्यांवरून चालत सरळ माइकपाशी.

तू म्हणायचास, “सूड घ्याले टाइम कोणापाशी हाय बे, पेपर तपासायचे पडले.” तुझे पेपर आता दुसरा कोणीतरी तपासतो. मला टाइमच टाइम आहे.

*

खरं तर यातलं तुला काही सांगायला नको. पण तू गेल्यापासून लोक तुझ्याबद्दल इतकं गुळगुळीत बोलत सुटले आहेत की एकदा सगळं कागदावर मांडलेलं बरं. भाषणांतून तू असा काही निघालास की मलाच वाटलं, हा कोण बुवा देवमाणूस, आपली कधी भेट झाली नाही याच्याशी.

तू पीकसंरक्षण शिकवायचास, मी मराठी. तुझ्या विषयाची पुस्तकं इंग्रजीत आणि इतकी जाड की ग्रंथालयाचा शिपाई ती हातगाडीवर आणायचा. वाचणारी पोरं मोताळ्याची, नांदुऱ्याची, जळगाव जामोदकडची. वेचणीच्या दिवसांत अर्धा वर्ग रानात. परत यायची तेव्हा बोटांची टोकं बोंडाच्या काट्यांनी ओरबाडलेली. तू ते धडे त्यांच्यासाठी पुन्हा शिकवायचास आणि हजेरीपटाकडं बघायचासच नाहीस. मग तू स्वतःच नोट्स लिहायला घेतल्यास. मराठीत, हातानं, त्या तुझ्या मोत्यासारख्या वगैरे मुळीच नसलेल्या अक्षरात. आकृत्याही तूच काढायचास. पुस्तकातून उतरवलेली एक नाही. पोरानं जे बोंड खिशातून आणलं त्याच बोंडाची आकृती. एकाच्या खिशात ते सायकलच्या किल्लीनं चेपलं होतं, तर तू ती चेपही काढलीस. मी हसलो तर म्हणालास, “जसं आलं तसं काहाडलं.”

पहिल्या पानावर तुझं नाव नव्हतं. एवढंच होतं : ‘हे कोणाचंही आहे. घ्या, छापा, सुधारा. पण देताना फुकट द्या.’

तुमचं गादीघर. तुझे अब्बा दारोदार कापूस पिंजत फिरायचे. मी एकदा भांडलो की निदान नाव तरी टाक, तर तू त्यांचाच हवाला दिलास. “अब्बा पिंजाले बसले की शेजारच्या आंगनात रुई उडे. ते कधी तिकडं मागाले गेले नाईत.” मी म्हणालो, “शेजारी त्या रुईची गादी शिवून तुलेच इकायले आला असता तं?” तू चहाचा कप उलटा करून ठेवलास. म्हणजे वाद संपला. तुझे वाद असेच संपायचे, हरायच्या जरा आधी.

आणि ते पान. प्रत्येक धड्याच्या शेवटी तुझं एक पान असायचं, सगळ्यांत नीटनेटकं. पाच-सहा ठसठशीत वाक्यं. आणि त्यातलं एकूण एक खोटं! वर मथळा नाही, खाली टीप नाही. धडा संपला की तू म्हणायचास, “लाल पेन काहाडा.” मग आकाशवाणीवर बातम्या देतात तशा आवाजात ते पान वाचायचास, आणि प्रत्येक वाक्याला आख्खा वर्ग बाकावर थाप मारून ओरडायचा, “चूक!” मग कोणीतरी एकानं उभं राहून काऊन चूक ते सांगायचं. हे एवढ्या जोरात चालायचं की पहिल्या वर्षी पोलीस जीप घेऊन आले होते, कॉलेजात आंदोलन पेटलं म्हणून. माझा शेजारच्या खोलीतला संत वाङ्मयाचा तास तुझ्या त्या आरोळीनं इतक्यांदा मोडला की माझ्या पोरांनीही सवयीनं एका अभंगाला ‘चूक!’ म्हणून टाकलं. हे फेकत नाही. बरं, थोडं.

ती खोटी वाक्यं तू मनानं बनवत नव्हतास, हे मला फार उशिरा कळलं. कृषी केंद्राच्या काउंटरवर ऐकलेली, गावात भोंगा लावून फिरणाऱ्या जीपमधून कानावर पडलेली, पारावर कोणीतरी छातीठोकपणे सांगितलेली, अशी ती वेचून आणलेली असायची. काही तर तुझी स्वतःची होती. बीटीचं बियाणं नवं आलं तेव्हा तूही खूश होऊन लिहिलं होतंस की आता बोंडअळीची काळजी मिटली. पुढं ती गुलाबी अळी बीटीलाही पचवून बोंडात शिरली. गावंच्या गावं कपाशीच्या उभ्या पराट्यांत रोटाव्हेटर घालू लागली. त्या वर्षी तू ते वाक्य खऱ्या पानावरून उचललंस आणि चुकीच्या पानावर पहिल्या नंबरला नेऊन ठेवलंस. वर्गात वाचलंस. पोरांनी “चूक!” म्हणून बाक फोडलं, आणि तू म्हणालास, “हे कोन लिवलं माहीत हाय? म्या लिवलं.” मी दारात उभा होतो. वर्ग गप्प झाला. मीसुद्धा, आणि मी गप्प झाल्याची जिल्ह्यात दुसरी नोंद नाही.

पण वर मथळा टाक म्हणून मी तुझ्या किती मागं लागलो! गेटपुढच्या बाकावर, कचोरी खाता खाता, वर्षानुवर्षं.

“लिही ना बे वर, हे पान चुकीचं हाय म्हणून.”

“काऊन?”

“काऊन म्हणजे? उद्या हे कागद कोणाच्या बी हाती जातीन.”

“जाऊनच राह्यले.”

“मंग त्याले कसं समजीन?”

“वर्गात बसला तं समजीन. नाई बसला तं कोणाले इचारीन. वर ‘चूक’ लिवलं की पोट्टा ते पान वाचतच नाई, मध्या, सिद्धा पुढं पलटते. अन् गावात जो खोटं सांगाले येते तो काय गळ्यात पाटी बांधून येते?”

“अबे पन चोर आला तं?”

“फुकटच्या मालाले चोर?” तू इतका हसलास की तुझ्या कचोरीतली चटणी माझ्या शर्टावर आली. तो डाग अजून आहे. शर्ट मी धुवायला टाकत नाही, हे तुला सांगणार नव्हतो.

*

चोर आला. चकचकीत कव्हर लावून आला. कव्हरावर भोपळ्याएवढं बोंड.

वसंतराव दुसऱ्या कॉलेजातले, अभ्यास मंडळावरचे, तुझ्याहून ज्येष्ठ. तुझ्या वर्गात त्यांनी कधी पाऊल ठेवलं नव्हतं. तुझ्या नोट्स मात्र त्यांनी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत उचलल्या. सायकलच्या किल्लीनं चेपलेलं बोंड चेपलेलंच उचललं. पहिलं पान तेवढं गळालं होतं. आणि धड्याच्या शेवटची तुझी ती पानं? ती त्यांना इतकी आवडली, इतकी आवडली, की त्यांनी त्यांच्याभोवती दुहेरी चौकट काढली आणि वर मथळा दिला : ‘परीक्षेच्या दृष्टीने अतिमहत्त्वाचे मुद्दे’.

मी ते पाहिलं आणि हसत जमिनीवर लोळलो. स्टाफरूमच्या फरशीवर, खरोखर. मला वाटलं, गड्या, देव आहे! माणसानं चोरी करावी आणि घरातलं उंदराचं औषध तूप म्हणून घेऊन जावं! मी तुला म्हणालो, आता काही करू नकोस, नुसता बघत बस, हा आपोआप उघडा पडतो.

तू हसला नाहीस. गाइड उलटसुलट करून बघितलंस आणि म्हणालास, “याच्यावर ‘चूक!’ ओरडाले कोणी नाई बे.” तेव्हा मला त्याचा अर्थ लागला नव्हता. सुनंदा आली तेव्हा लागला.

सातपुड्याच्या पायथ्याचं गाव तिचं, जळगाव जामोदच्याही पुढं. दुसऱ्या कॉलेजात शिकायची, जिथं गाइड लावलेलं होतं. कोणीतरी तिला सांगितलं की मलकापूरला एक सर आहेत. बस बदलत आली. आपण दोघं त्याच बाकावर बसलो होतो. तिनं पिशवीतून गाइड काढलं, मग रुमालाची गाठ सोडून एक बोंड काढलं आणि गाइडवर ठेवून अंगठ्यानं फोडलं. वरून हिरवंगार. आत पिवळा चिकट कापूस, आणि त्यात ती. गुलाबी, गुबगुबीत, लग्नघरच्या पाहुणीसारखी पसरलेली.

“सर, पुस्तकात तं म्हणते का येत नाई.”

तू ते बोंड हातात घेतलंस. तीच बोलत राहिली. बापाला पराटीवर डोमकळ्या दिसल्या होत्या. फूल उमलतच नाही, पाकळ्या पिळा घालून मिटलेल्या राहतात, ती डोमकळी. अळी आल्याची पहिली खूण. त्याला शंका आली. तो पोरीला म्हणाला, तू याचंच शिकून राह्यली ना, सांग. तिनं चौकटीतला मुद्दा वाचून दाखवला : ‘बाहेरून हिरवे दिसणारे बोंड निरोगीच असते, फोडून पाहण्याची आवश्यकता नाही.’ छापील होतं. बापानं एक बोंडही फोडून पाहिलं नाही.

“माह्या बापानं पयल्यांदा माह्यं ऐकलं होतं, सर,” ती म्हणाली.

रडली नाही. गाइडवरचा कापूस बोटानं पुसला आणि गाइड पिशवीत ठेवलं, कारण ते ग्रंथालयाचं होतं.

त्या दिवसापासून मी हसणं बंद केलं आणि दात पाजळायला घेतले.

तूही गेलास ना वसंतरावांकडं! मला सोबत नेलंस, ‘तोंड उघडायचं नाई’ अशी शपथ घालून. त्यांचा तो सोफा आठवतो? वर अजून दुकानातलं प्लास्टिक. बसलं की आवाज व्हायचा आणि उठलं की अर्धी कातडी तिथंच राहायची. तू अशा मऊ आवाजात बोलत होतास जणू चोरी तू केली आहेस.

“सर, बाकी सारं राहू द्या. नाव नको, काई नको. धड्याच्या शेवटचं पान तेवढं काढून टाका. ते चुकीचं आहे.”

“कोणतं? महत्त्वाचे मुद्दे?” वसंतरावांनी चष्मा लावला. “फार मागणी आहे हो त्याला. अन् चुकीचं आहे असं त्यावर लिहिलेलं नव्हतं, मुनाफसर.”

“पहिल्या पानावर ‘फुकट द्या’ लिहिलेलं होतं.”

“ते पान आमच्या प्रतीत नसावं,” ते म्हणाले आणि आतून केळ्याची ताटली मागवली. “तुम्हीच म्हणता कोणीही घ्या. घेतलं की म्हणता का घेतलं. आता ही आवृत्ती संपू द्या, मग बघू.”

मी शपथेत होतो, म्हणून मी ताटलीतली सगळी केळी खाल्ली. तेवढाच काय तो त्या दिवशीचा सूड.

परत येताना मी तुला अठ्ठावीस योजना सांगितल्या. गाइडच्या गोदामात वाळवी सोडायची. वसंतरावांच्या दारात भोंगा लावून दिवसभर त्यांचेच अतिमहत्त्वाचे मुद्दे वाचायचे. त्यांच्या सोफ्याचं प्लास्टिक काढायचं. हा माणूस त्यानंच खचला असता. तू फटफटी चालवता चालवता म्हणालास, “भागिले धा.” मग म्हणालास, “नवी पानं लिवू.”

मुनाफ, त्या क्षणी तुला फटफटीवरून ढकलून द्यावंसं वाटलं. अजून वाटतं. तुझ्या त्या नव्या पानांचा मला मनस्वी राग आहे. इकडं विद्यापीठाच्या शिफारशीच्या यादीत गाइड बसलं, मागोमाग कॉलेजात पत्र आलं की आवारात अनधिकृत छायांकित साहित्य वाटू नये. आणि तू काय केलंस? तुझ्या नोट्स उचलल्या आणि गेटच्या बाहेर, रस्त्यापलीकडच्या झेरॉक्सवाल्याकडं नेऊन ठेवल्यास. आवार संपतं तिथून पंधरा पावलं. (वीस म्हणणार होतो.) आणि सुनंदाला म्हणालास, ये, माझ्या वर्गात बस, हजेरीपटावर नाव हवंच असं काही नाही. ती यायची. आठवड्यातून एकदा, मागच्या बाकावर. घरी मात्र बापानं तिला पुन्हा शेतातलं काही विचारलं नव्हतं.

मथळ्याबद्दल तू शेवटी जरा हलला होतास, हे मला माहीत आहे. शेवटच्या शनिवारी बाकावरून उठताना तूच म्हणालास, “त्या पानावर वर काई लिवाच लागते, मध्या. काय लिवायचं ते सोमवारी सांगतो.”

सोमवारी तुला मातीत ठेवून आलो. तीन मुठी माती मीही टाकली. काय लिहायचं होतं बे? एवढं तरी सांगून जायचं. मी रोज त्या पानासमोर बसतो आणि मला मराठीच्या प्राध्यापकाला एक मथळा सुचत नाही.

तुझ्या घरी बसायला आलो तेव्हा भाभी इद्दतीत, नवरा गेल्यावरच्या त्या एकांतात, म्हणून बोलायला बाहेर आपा आल्या. तुझ्या मोठ्या बहिणीला मी आजवर गादीघराच्या गल्ल्यावरच पाहिलं होतं, ओढणीवर रुईचे कण घेऊन. मी त्यांना बजावलं, “आपा, मुनाफच्या मूळ प्रती कपाटात टाका अन् कुलूप लावा. मोठं कुलूप. कोनाले हात लावू देऊ नका.”

“पाहू,” आपा म्हणाल्या आणि मला चहा दिला.

*

आता सभागृहात परत चल. प्राचार्यांच्या हातात अजून माझा कोट आहे.

मी माइकमध्ये म्हणालो, आणि आवाज इतका मधाळ काढला की माझी बायको दचकली, “सर, मी दुसरं काही बोलणार नाही. आदरणीय वसंतरावांच्या ग्रंथातला एक उतारा वाचून मुनाफला श्रद्धांजली वाहतो.”

“वाचू द्या हो,” वसंतराव पहिल्या रांगेतून म्हणाले. “चांगली कल्पना आहे.” आणि त्यांनी स्वतः उठून, स्वतःच्या हातानं, मांडीवरचं गाइड मला वर दिलं. हे मी मरेपर्यंत सांगत राहणार आहे आणि दर वेळी जसंच्या तसं सांगणार आहे, कारण यात भर घालायला जागाच नाही.

प्राचार्यांनी कोट सोडला. मी चौकट शोधली. तुझा आवाज काढला, आकाशवाणीचा.

“बीटी कपाशीवर कोणतीही अळी येत नाही.”

सभागृह शांत. शोकसभेत असतं तसं. वसंतराव मान डोलावत होते. कोटाची शिवण उसवल्याचा आवाज मला ऐकू आला. मनात म्हटलं, मध्या, मेलास, लोक विसरले. आणि मग अगदी मागून, दाराजवळून, खुर्चीच्या पाठीवर एक थाप आणि एकच आवाज आला.

“चूक!”

सुनंदा होती. उभी होती. माना मागं वळल्या. तुझ्या जुन्या पोरांची तोंडं मला व्यासपीठावरून दिसत होती : कृषी केंद्र चालवणारे, तलाठी झालेले, नुसतीच शेती करणारे, डोक्यावर रुमाल, कडेवर लेकरं घेऊन आलेल्या पोरी. आठवायला लागलं की माणसाचं तोंड कसं दिसतं, ते पाचशे वेळा एकदम पाहिलं मी.

“बीटी बियाण्याच्या पिशवीत येणारे साध्या बियाण्याचे छोटे पाकीट फेकून द्यावे. शेताच्या कडेने त्याच्या ओळी लावण्याची गरज नाही.”

“चूक!” आता शंभर थापा.

“फरदड घ्यावी. पीक उन्हाळ्यापर्यंत उभे ठेवल्याने अळी वाढत नाही.”

“चूक!” पत्रे थरथरले. कबुतरं परत आली होती, ती पुन्हा गेली. वसंतरावांची मान डोलायची थांबली, पण थांबली कुठं, अर्ध्यात. वर गेलेली खाली येईना. त्यांच्या शेजारचा संस्थाचालक, ज्याला कपाशी आणि तूर यांतला फरक दाखवावा लागतो, तोही जोशात येऊन “चूक!” ओरडला.

मी शेवटचं वाचलं. हळू वाचलं. “बाहेरून हिरवे दिसणारे बोंड निरोगीच असते, फोडून पाहण्याची आवश्यकता नाही.”

“चूक!”

ती आरोळी नांदुऱ्यापर्यंत गेली. तिथले लोक अजून विचारतात काय झालं होतं. भाग ना, दे ना भाग! नाही ना देता येत?

मग तुझ्या वर्गाची रीत होती ती झाली. आवाज उतरला आणि सगळे वाट बघत राहिले की आता कोण उठून कारण सांगतं. सुनंदा उभीच होती. तिनं कारण सांगितलं. डोमकळी सांगितली, अळी आत शिरल्यावर तिचं भोक बुजतं ते सांगितलं, आठवड्याला किती झाडांवरची बोंडं फोडायची ते सांगितलं. मग म्हणाली, “हे मले कोणी आधी सांगतलं असतं तं.” आणि खाली बसली. तिच्या बाजूला एक माणूस बसला होता, टोपी गुडघ्यावर घेतलेला. तिचा बाप. तो व्यासपीठाकडं बघत नव्हता. पोरीकडं बघत होता आणि तिनं सांगितलं त्यातलं काहीतरी बोटांवर पुन्हा जुळवत होता.

तेवढ्यापुरता माझा राग गेला. दोन मिनिटं. मग पुन्हा आला, कारण ते बघायला तू नव्हतास, आणि तुझ्या फोटोला तर काय, बघितल्यासारखं करायची सवयच आहे.

सभा संपली. लोक चहाकडं. मला वाटलं वसंतराव मागच्या दारानं निघून जातील, गाव सोडतील, नाव बदलतील. अरे, कुठलं! त्यांनी माझ्या हातातून गाइड काढून घेतलं, उसवलेला कोट थोपटला, म्हणाले, “पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करू,” आणि सरळ व्हरांड्यात गेले. तिथं आपा बाकावर बसल्या होत्या, चहाच्या कपावर बशी झाकून. मी बाह्या सरसावून मागोमाग. मनात म्हटलं, आपा, सही करू नका. कुलूप सांगितलं होतं, कुलूप.

वसंतरावांनी खिशातून साधा कागद काढला, त्यावर पेन ठेवलं आणि दोन्ही हात जोडले. “ताई, लोक भावनेच्या भरात बोलतात. पण सरांच्या मूळ प्रती इकडं तिकडं जाऊ नयेत, एका जबाबदार माणसाकडं असाव्यात, एवढंच माझं म्हणणं. तुमची सही, आणि प्रती कुठं आहेत तेवढं सांगा.”

आपांनी त्यांच्याकडं पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं. बशी काढली, चहाचा एक घोट घेतला.

“सारं गेटपुढच्या झेरॉक्सवर ठेवेल हाय,” त्या म्हणाल्या. “लाइनीत लागा.”